कधीच एकटा नसलेला ग्रंथ

इ.स. 1281 मध्ये कुब्लाई खानाने हुकूम काढला, की साम्राज्यात ताओपंथाचे असतील तेवढे ग्रंथ आणि ते छापायचे लाकडी ठसे जाळून टाकावेत. वगळायचा होता एकच ग्रंथ, लाओत्सेच्या नावावर चालत आलेला 'ताओ ते चिंग'. ताओपंथीयांनी 1244 मध्ये सात हजारांहून अधिक गुंडाळ्यांचा आपला ग्रंथसंग्रह छापून पुरा केला होता. तो या आगीत गेला.

हा हुकूम नुसता विध्वंसाचा नव्हता, त्यात एक निवाडाही होता. एका बाजूला पाच हजारांच्या आसपास अक्षरांचा छोटासा ग्रंथ, ज्याच्यापुढे शत्रूही मान झुकवतात. दुसऱ्या बाजूला मंत्र, ताईत, श्वासाच्या रीती, औषधं, पापांच्या कबुल्या, देवांच्या याद्या. पहिलं ठेवायचं, दुसरं जाळलं तरी चालेल. ही वाटणी पुढे अनेकांनी केली. आपणही ताओ म्हटलं की तत्त्वज्ञान एवढंच धरून चालतो. ओशोंनी 1974-75 मध्ये पुण्यात च्वांगत्से आणि लाओत्से यांच्यावर प्रवचनं दिली. अनेक मराठी वाचकांना ही नावं कळली ती तिथून, आणि तीही देवळाशिवाय, पुजाऱ्याशिवाय. पण या ग्रंथाचा माग काढत मागे जावं तर तो कुठेच एकटा सापडत नाही. त्याच्या शेजारी नेहमी दुसरं काहीतरी बांधलेलं असतं.

लाओत्सेचं सर्वांत जुनं चरित्र लिहिलं ते इतिहासकार सीमा चियानने, इ.स.पू. 100 च्या सुमारास. त्यात लाओत्से हा छू राज्यातला, ली आडनावाचा, झोउ राजांच्या दफ्तरखान्यातला अधिकारी आहे. कन्फ्यूशियस त्याला विधींबद्दल विचारायला जातो आणि आपण ड्रॅगनला भेटून आल्यासारखा चकित होऊन परततो. झोउंची पडझड दिसू लागल्यावर लाओत्से पश्चिमेकडे निघतो. सरहद्दीच्या नाक्यावरचा अधिकारी त्याला अडवतो आणि जाण्याआधी काहीतरी लिहून द्यायला सांगतो. तो 'ताओ' आणि 'ते' यांच्याविषयी पाच हजारांवर अक्षरं लिहून देतो आणि निघून जातो. ही कथा सगळे सांगतात. सीमा चियान तिथेच थांबला नाही, हे मात्र फार कमी जण सांगतात. तो लगेच आणखी दोन माणसांची नावं देतो, लाओत्से कदाचित यांच्यापैकी कुणी असेल म्हणतो, आणि खरं कुणालाच ठाऊक नाही अशी कबुली देतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासकाराचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. ज्या नावाखाली पुढे एवढा धर्म उभा राहिला, त्या नावामागचा माणूस तेव्हाच धूसर झाला होता.

ग्रंथ मात्र धूसर नाही. तो घडला इ.स.पू. चौथ्या शतकाच्या आसपास, राज्यं एकमेकांना गिळत होती त्या काळात. लढाया, सक्तीची भरती, कर आणि दुष्काळ हे त्याच्यामागचं वास्तव आहे, म्हणूनच त्यातला बराचसा उपदेश राजाला उद्देशून आहे. कमी कर घे, कमी कायदे कर, शस्त्र शेवटचा उपाय म्हणून उचल आणि जिंकलास तरी शोक कर. ताओ म्हणजे सगळं ज्यातून निघतं, ज्यात परत जातं आणि जे कुणावर मालकी सांगत नाही. 'ते' म्हणजे त्या मूळ स्रोतापासून प्रत्येक गोष्टीत उतरलेलं सामर्थ्य. वू-वेई म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. गोष्टींच्या स्वभावाविरुद्ध जोर न लावता काम करणं म्हणजे वू-वेई. दया, काटकसर आणि सर्वांच्या पुढे जाण्याची धडपड न करणं, ही तीन रत्नं या ग्रंथाने सांगितली. पाणी खाली वाहतं, मऊ असतं, तरी दगड झिजवतं. हे निरीक्षण त्यात पुन्हापुन्हा येतं.

त्याच काळात श्वासाचीही एक परंपरा चालू होती. 'ग्वानत्से' नावाच्या संग्रहात 'नेइये' म्हणजे 'अंतर्साधना' असं एक प्रकरण आहे. शरीर ताठ ठेवणं, मन स्थिर करणं आणि छी म्हणजे विश्वात व देहात वाहणारी प्राणशक्ती आत साठवणं, हा त्याचा विषय. हे 'ताओ ते चिंग'च्या आगेमागे लिहिलं गेलं. च्वांगत्सेच्या नावावरचा ग्रंथही या काळातला. त्यातली पहिली सात प्रकरणं त्याची स्वतःची असावीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या गोष्टींत बैल कापणारा खाटीक हाडांच्या सांध्यांतून सुरी अलगद फिरवतो आणि ती वर्षानुवर्षं बोथट होत नाही. राजा ते पाहतो आणि आयुष्य कसं जगावं ते शिकतो. राजाला खाटकाकडून शिकायला लावणारं हे धाडस मला लाओत्सेच्या गंभीर उपदेशापेक्षाही जवळचं वाटतं. इ.स. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ग्वो श्यांगने या ग्रंथाची 33 प्रकरणांची प्रत सिद्ध केली, आज वाचतात ती तीच.

आता कबरींकडे येऊ. 1993 मध्ये हुबेई प्रांतात, जिंगमेन शहराजवळ ग्वोदिअन इथे एक कबर उकरण्यात आली. चोरांनी ती आधीच फोडली होती, आत पाणी आणि चिखल साचला होता. त्या चिखलातून सुमारे 800 बांबूच्या पट्ट्या निघाल्या. कबर इ.स.पू. 300 च्या आसपासची. पट्ट्यांतल्या 71 पट्ट्यांवर 'ताओ ते चिंग'चा मजकूर होता, आजच्या ग्रंथाच्या सुमारे दोन पंचमांश. तो तीन निरनिराळ्या लांबींच्या पट्ट्यांच्या तीन जुड्यांत होता आणि प्रकरणांचा क्रम आजच्यापेक्षा पार वेगळा होता. आजच्या ग्रंथात कन्फ्यूशियसच्या अनुयायांच्या माणुसकी आणि न्याय या मूल्यांवर जो सरळ हल्ला आहे, तो इथे त्या जागी नाही. म्हणजे दोन्ही पंथांमधलं वैर ग्रंथात नंतर धारदार होत गेलं. त्याच कबरीत कन्फ्यूशियसच्या परंपरेचे ग्रंथही निघाले, एकाच माणसाने जवळ बाळगलेले. तिसऱ्या जुडीतल्या पट्ट्यांसारख्याच मापाच्या आणखी 14 पट्ट्यांवर विश्वाच्या उत्पत्तीचा मजकूर आहे. त्यात महान एकातून पाणी निघतं आणि पाण्याच्या मदतीने आकाश आणि पृथ्वी निघतात. दोन्ही मजकूर बहुधा एकाच दोरीत ओवलेले होते.

त्याच्या 20 वर्षं आधी, 1973 मध्ये, हुनान प्रांतात चांगशाजवळच्या मावांगद्वे इथल्या तिसऱ्या कबरीतून रेशमावर लिहिलेल्या दोन पूर्ण प्रती निघाल्या. कबर बंद झाली होती इ.स.पू. 168 मध्ये. दोन्ही प्रतींत आजचा उत्तरार्ध आधी येतो आणि पूर्वार्ध नंतर. जुनी प्रत हान घराण्याच्या संस्थापकाचं नाव बिनदिक्कत लिहिते, दुसरी ते टाळते. राजाचं नाव लिहायचं नाही या चिनी रिवाजामुळे दोन्हींचा काळ ठरवता आला. दुसऱ्या प्रतीच्या रेशमावर 'ताओ ते चिंग'च्या आधी राज्य, कायदा आणि यिन-यांग यांच्यावरचे चार ग्रंथ लिहिले आहेत. त्याच कबरीत वैद्यकाचे ग्रंथ होते आणि व्यायामाचा एक रंगीत पट होता, ज्यात 44 स्त्री-पुरुष हात उंचावून, वाकून, पक्ष्यांच्या आणि अस्वलांच्या हालचाली करत श्वास चालवताना दिसतात. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला सरदारपुत्र लाओत्से वाचत होता तो शरीर, औषध आणि राज्यकारभार यांच्या जोडीने.

हान दरबारातही या ग्रंथाला मोठा मान होता. सम्राज्ञी दोउ लाओत्सेची निस्सीम भक्त होती. युआन गू नावाच्या पंडिताने तिच्यासमोर या ग्रंथाची हेटाळणी केली, तेव्हा तिने त्याला रानडुकराच्या कोंडवाड्यात उतरवलं. सम्राटाने धारदार शस्त्र पुरवल्यामुळे तो वाचला. इ.स.पू. 135 मध्ये ती वारली आणि दरबाराचं पारडं कन्फ्यूशियसकडे झुकलं.

यानंतरचा टप्पा बहुतेक पुस्तकांत एका परिच्छेदात उरकतात, आणि मला तिथेच थांबायचं आहे. इ.स. 142 मध्ये सिचुआनातल्या हमिंग डोंगरावर झांग दाओलिंग नावाच्या माणसासमोर लाओत्से प्रकट झाला, अशी श्रद्धा आहे. आता तो दफ्तरखान्यातला म्हातारा राहिला नव्हता, तो परमोच्च स्वामी लाओ झाला होता, ताओने घेतलेलं रूप. त्याने झांगशी एक करार केला: पशुबळी द्यायचे नाहीत, आणि पुजाऱ्याने पैसे घ्यायचे नाहीत. झांग स्वर्गीय गुरू झाला. अनुयायी दरवर्षी पाच मापं तांदूळ देत, म्हणून विरोधक त्यांना पाच माप तांदळाचा पंथ म्हणू लागले. समाज 24 विभागांत बांधला गेला आणि प्रत्येक विभागाला धर्माधिकारी नेमले गेले. त्यात स्त्रियाही असत. आजारी माणसाला शांत खोलीत बसवून आपल्या चुका आठवायला लावत. त्या चुका तीन कागदांवर लिहीत. एक डोंगरावर ठेवत स्वर्गासाठी, एक जमिनीत पुरत, एक पाण्यात सोडत. बारीकसारीक गुन्हा करणाऱ्याला शंभर पावलं रस्ता दुरुस्त करायला लावत आणि तेवढ्यावर सोडून देत. वाटेवर धर्मशाळा बांधल्या होत्या, तिथे तांदूळ आणि मांस ठेवलेलं असे, वाटसरूने भुकेपुरतं घ्यायचं. दाओलिंगचा नातू झांग लू याने हान साम्राज्य कोसळत असताना हानझोंगच्या खोऱ्यात हे राज्य जवळपास पंचवीस वर्षं चालवलं, 215 मध्ये सेनानी त्साओ त्साओला शरण जाईपर्यंत.

या लोकांचं पाठांतराचं पुस्तक होतं 'ताओ ते चिंग'. धर्माधिकारी ते शेतकऱ्यांकडून म्हणवून घेत. त्यांची त्याच्यावरची 'श्यांगअर' नावाची टीका दुनह्वांगच्या गुहेत सापडली. ऑरेल स्टाइनने ती 1907 च्या मोहिमेत मिळवलेल्या हस्तलिखितांबरोबर नेली आणि ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्या प्रतीत मूळ ओळी आणि टीका सलग लिहिल्या आहेत, मध्ये कुठेही खूण नाही. मूळ कुठे संपतं आणि शेतकऱ्यांचा गुरू कुठे बोलू लागतो, हे वाचणाऱ्याने ओळखायचं. देह ही छी साठवण्याची जागा, नियम पाळणं म्हणजे तिच्या भिंती राखणं, असा अर्थ ती लावते. पंडितांना हा अर्थ अडाणी वाटतो. मला तसं वाटत नाही. दरबारात एका राजाला उद्देशून सांगितलेला ग्रंथ इथे पहिल्यांदा हजारो सामान्य माणसांच्या तोंडी गेला, आणि त्यांनी तो ज्या जगात जगत होते त्या जगासाठी वाचला.

थोड्या काळाने वांग बी नावाचा तरुण याच ग्रंथावर टीका लिहून, अवघ्या तेविसाव्या वर्षी, 249 मध्ये वारला. त्याने लाओत्सेला शून्याचा तत्त्वज्ञ केलं. आजची बहुतेक भाषांतरं त्याच्या प्रतीवर उभी आहेत. हशांग गोंग म्हणजे नदीकाठचा वृद्ध, या नावाने चालत आलेली दुसरी टीका प्रत्येक ओळीत राज्य आणि देह दोन्ही शोधते. चीनमध्ये शतकानुशतकं मठांत आणि घरांत जास्त वाचली गेली ती हीच.

पुढच्या दोन शतकांत पंथ फुलला. 364 ते 370 या काळात माओ डोंगराच्या परिसरात यांग शी याला रात्री स्वर्गातले साधक भेटत आणि ग्रंथ सांगत. सांगणाऱ्यांमध्ये प्रमुख होती वेई ह्वात्सून. ती हयातीत स्वर्गीय गुरूंच्या पंथातली धर्माधिकारी होती आणि 334 मध्ये वारली होती. या शांगचिंग ग्रंथांत साधक डोळे मिटून आपल्या यकृतात, प्लीहेत, मेंदूत राहणाऱ्या देवांना पाहतो. 400 च्या आसपास आलेले लिंगबाओ ग्रंथ बौद्धांकडून बरंच घेतात. सर्व जीवांच्या उद्धाराची कल्पना घेतात आणि आपल्या पवित्र मंत्रांना ब्रह्मलोकाची गूढ भाषा म्हणतात. भारत चिनी मनात किती खोल गेला होता, हे यावरून कळतं. लू श्यूजिंगने 471 मध्ये या सगळ्या ग्रंथांची यादी तीन गुहा या नावाने तीन भागांत लावून दरबाराला सादर केली. बौद्धांचे जसे तीन पिटक, तशा या तीन गुहा.

तांग घराण्याचं आडनाव ली, म्हणून त्यांनी लाओत्सेला पूर्वज मानलं. 733 मध्ये सम्राट श्वानझोंगने घरोघरी 'ताओ ते चिंग'ची प्रत ठेवायची आज्ञा केली. पण मला त्याच्या आधीची, 647 ची गोष्ट सांगायची आहे, कारण तिचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. शाळेच्या इतिहासात आपण ज्याला ह्युएनत्संग म्हणतो, तो पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला बौद्ध भिक्षू 645 मध्ये तांग राजधानी चांगआनला परतला. कामरूपाचा राजा भास्करवर्मन, ज्याचा तो पाहुणा होता, त्याने लाओत्सेच्या ग्रंथाची मागणी केली होती. सम्राटाने ह्युएनत्संगालाच हुकूम केला, की संस्कृत भाषांतर कर. त्याच्या मदतीला ताओपंथी पंडित बसवले, त्यात छंग श्वानयिंग होता. बराच काळ वाद झाले. ताओपंथीयांना बौद्ध संकल्पनांच्या आधारे अर्थ लावायचा होता, ह्युएनत्संगाला ते मान्य नव्हतं. शेवटी छंगने आग्रह धरला, की हशांग गोंगची प्रस्तावनाही भाषांतरात यायला हवी. ह्युएनत्संगाने ठाम नकार दिला. देह आणि राज्य चालवण्याविषयी ग्रंथात काय आहे ते आलंच आहे, पण दात वाजवणं आणि लाळ गिळणं असल्या साधना सांगणारा मजकूर परदेशी पाठवला तर आपल्या देशाची लाज जाईल, असं त्याचं म्हणणं होतं.

कुब्लाई खानाच्या आगीच्या 634 वर्षं आधीची ही गोष्ट आहे. उच्च विचार पुढे पाठवायचा आणि देहाची साधना मागे ठेवायची, ही वाटणी इथे एका मोठ्या विद्वानाने केली. ह्युएनत्संगाबद्दल मला आदर आहे, त्याच्यामुळे सातव्या शतकातला भारत आपल्याला कळतो. पण या वादात मी छंगच्या बाजूने आहे. ग्रंथ जे लोक जगत होते, ते तो दात वाजवून आणि लाळ गिळूनच जगत होते. त्या भाषांतराची एकही प्रत आज उरलेली नाही.

बाराव्या शतकात वांग छोंगयांगने च्वानझेन म्हणजे पूर्ण सत्याचा संन्यासी मार्ग काढला. त्याच्या सात प्रमुख शिष्यांत सुन बुअर ही स्त्री होती. दुसरा शिष्य छ्यू छूजी चंगीझखानाच्या बोलावण्यावरून सत्तरी ओलांडलेली असताना हजारो मैल प्रवास करून 1222 मध्ये हिंदुकुशच्या भागात त्याच्या छावणीत पोहोचला. खानाने अमरत्वाचं औषध मागितलं. आयुष्य जपायचे मार्ग आहेत, मरण टाळायचं औषध नाही, असं त्याने जगाच्या त्या सर्वांत बलाढ्य माणसाला तोंडावर सांगितलं. त्याआधीच्या शतकांत कितीतरी राजे पाऱ्याचं रसायन खाऊन मेले होते, हे लक्षात घेतलं की या उत्तराचं वजन कळतं. खान प्रसन्न झाला, छ्यूच्या मठांना कर माफ झाले आणि पंथ इतका वाढला की त्याने बौद्धांची देवळंही बळकावली. लाओत्से पश्चिमेला जाऊन बुद्ध झाला असं सांगणारा जुना ग्रंथ पुन्हा उचलून धरला गेला. बौद्धांनी तक्रार केली. 1258 मध्ये कुब्लाईसमोर वाद झाला, तिबेटी भिक्षू फाग्सपाही त्यात होता. ताओपंथी हरले आणि 17 जणांना मुंडन करून भिक्षू व्हावं लागलं. 1281 ची आग त्यातूनच पेटली.

मिंग राजवटीने पुन्हा ग्रंथ गोळा केले. 1445 मध्ये 5,305 गुंडाळ्या 480 पेट्यांत छापून झाल्या, 1607 मध्ये आणखी 180 जोडल्या गेल्या. प्रती मोठ्या देवळांना दिल्या गेल्या. पुढच्या शतकांत त्या एकेक करून हरवल्या आणि 1900 च्या धुमश्चक्रीत मूळ ठसेही नष्ट झाले. छ्यू छूजीची समाधी जिथे आहे त्या बीजिंगच्या श्वेतमेघ देवळातल्या पुजाऱ्यांनी मात्र आपली प्रत सांभाळली होती. शांघायच्या कमर्शियल प्रेसने 1923 ते 1926 मध्ये प्रामुख्याने तिच्यावरून 1,120 पुस्तकांची आवृत्ती काढली. जगभरातला आजचा सगळा अभ्यास तिच्यावर उभा आहे.

दरम्यान युरोपात 'ताओ ते चिंग' एकटाच पोहोचला होता. 1788 मध्ये त्याचं लॅटिन भाषांतर लंडनच्या रॉयल सोसायटीला दाखवलं गेलं, 1842 मध्ये स्तानिस्लास झ्युलियाँचं फ्रेंच भाषांतर आलं. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांनी निकाल दिला, की मूळ विचार थोर, पुढचा धर्म मात्र बिघडलेली अंधश्रद्धा. विसाव्या शतकातल्या चिनी सुधारकांनीही तोच निकाल उचलला आणि सांस्कृतिक क्रांतीत देवळं बंद पडली.

क्रिस्तोफर शिपर नावाचा डच अभ्यासक साठच्या दशकात तैवानातल्या ताइनान शहरात राहिला. वंशपरंपरेने विधी करणाऱ्या पुजाऱ्यांकडे तो शिकला आणि 1968 मध्ये त्याला दीक्षा मिळाली. ग्रंथसंग्रहात ज्यांना विद्वान मृत समजत होते ते विधी या पुजाऱ्यांच्या घरातल्या पोथ्यांमध्ये होते आणि त्यांना तोंडपाठ होते. पुढे त्याने युरोपातल्या अभ्यासकांना जमवून संग्रहातला प्रत्येक ग्रंथ वाचून काढायचं काम हाती घेतलं. फ्रान्सिस्कस फेरेलन याच्या जोडीने त्याने संपादित केलेले त्याचे तीन खंड 2004 मध्ये निघाले, चौदाशेंहून अधिक ग्रंथांच्या नोंदींचे. लाओत्सेवरची वांग बीची टीका त्यात आहे, नदीकाठच्या वृद्धाची आहे, आणि त्यांच्या मागेपुढे रोगनिवारणाचे विधी, ताईत, श्वासाच्या साधना आणि मृतांच्या उद्धाराच्या पोथ्याही आहेत.